वाचकाला काय हवंय, हे विचारून कळतं का?

वाचनालयात एक छापील कागद कधी ना कधी आपल्या हातात पडलेला असतो. आपण काय वाचता? कादंबरी, चरित्र, धार्मिक, कायदा, स्पर्धा परीक्षा, इतर. आपण दोन खुणा करतो आणि कागद देवघेवीच्या टेबलावर ठेवून निघतो. याला वाचकांच्या गरजांचं सर्वेक्षण म्हणतात. मी एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर असताना असा कागद मीही मंजूर केलेला आहे, त्यामुळे ही टीका थोडी स्वतःवरही आहे.

या कागदामागे एक गृहीतक आहे. गरज मनात तयार असते, विचारली की वाचक ती काढून देतो. प्लेटोच्या ‘मेनो’ संवादात नेमका इथंच पेच टाकलाय: जे ठाऊकच नाही ते शोधणार कसं, आणि ठाऊक असेल तर शोधायचं कशाला?

ग्रंथालयशास्त्रात या पेचाच्या सगळ्यात जवळ गेले ते रॉबर्ट टेलर. १९६८ च्या लेखात ते चार पायऱ्या सांगतात. आधी नुसती अस्वस्थता, शब्द नसलेली. मग मनात धूसर आकार. मग नीट मांडलेला प्रश्न. आणि शेवटी, ग्रंथालय काय देऊ शकेल याचा अंदाज बांधून छाटलेला प्रश्न. ग्रंथपालाच्या कानावर पडतो तो हा चौथा.

आता आमच्याकडचा एक प्रसंग. चाळिशीच्या एक बाई आल्या, ‘हिंदू कायद्यावरचं पुस्तक द्या’ म्हणाल्या. जाडजूड ग्रंथ मिळाला. पाच दिवसांनी परत आणला. ग्रंथपालांनी सहज विचारलं, ‘ताई, उपयोग झाला का?’ ‘नाही हो, काही कळलं नाही.’ मग त्यांना बसवलं, चहा मागवला. हळूहळू निघालं ते असं: जमीन वडिलोपार्जित, वडील २००३ साली गेले, भाऊ म्हणतो कायदा २००५ चा, तुझा हिस्सा नाही, हक्कसोडपत्रावर सही कर. ‘करू का सही?’ हा खरा प्रश्न! ग्रंथपालांनी सल्ला दिला नाही, तो त्यांचा अधिकारच नव्हे. २००५ च्या दुरुस्तीचा मजकूर दाखवला. वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही, मुलीचा हक्क जन्मानं येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये म्हटलंय, त्याचं कात्रण दिलं. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता. स्त्रियांना तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

टेलर इथं बरोबर ठरतात असं वाटेल. चौथ्या पायरीवरून मागं जात मूळ गरज सापडली. मला ते पुरतं पटत नाही. बोलता बोलता प्रश्न बदलतो हे टेलरही मान्य करतात. पण त्यांच्या पायऱ्यांत काहीतरी मूळचं, पूर्ण असं आत असतं आणि बाहेर येताना कापलं जातं. या बाईंच्या मनात ‘सही करू का’ हे आधीपासून होतं का? मला वाटतं, ते त्या खुर्चीवर, विचारणारं कुणीतरी समोर बसल्यावर घडलं. शिवाय टेलरांचा आधार विशेष ग्रंथालयांतल्या जाणकारांशी झालेल्या मुलाखती. तिथला वाचक बहुधा अभ्यासक, आपली अडचण मांडायची सवय असलेला. आमच्या तालुक्यातला वाचक टेबलापाशी उभा राहायलाच बिचकतो.

टी. डी. विल्सन यांनी १९८१ मध्ये तर ‘माहितीची गरज’ या शब्दावरच शंका घेतली. गरज असते शरीराची, भावनेची, समजून घेण्याची. माहिती हा तिच्याकडं जायचा एक रस्ता. बाईंना जमीन हवी होती, आणि भाऊही तुटायला नको होता. यातलं दुसरं कुठल्या कपाटात ठेवाल?

रंगनाथनांनी १९३१ मध्येच प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक असा नियम घातला. आपण त्याचा अर्थ पुस्तकांच्या मागणीची वही असा करून बसलो. मी कार्यकारिणीत सुचवलं होतं, दुसरी एक वही ठेवा: कोण काय विचारायला आलं आणि काय न मिळता परत गेलं. ‘एवढा वेळ कुणाला आहे सर?’ हे उत्तर मिळालं. वेळ नसतो, खरं आहे. देवघेवीला एकच माणूस असतो.

सर्वेक्षणाचा अहवाल मात्र वेळेत झाला. त्या बाईंची नोंद देवघेवीच्या वहीत आहे: हिंदू कायदा, एक प्रत, पाच दिवस, परत.