देलाँचा गोव्याचा वृत्तांत : एक परीक्षण

फ्रेंच वैद्य शार्ल देलाँ याचा गोव्यांतील इन्क्विझिशनवरील वृत्तांत इ. स. १६८७ त प्रसिद्ध झाला. प्रा. अ. का. प्रियोळकर यांनीं १९६१ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत त्याचा समावेश केल्यापासून आमच्याकडे त्याचा आधार वारंवार घेतला जातो. पण तो बहुधा कारागृहांतील हालांपुरताच. आमच्या मतें ग्रंथाचें खरें मोल अन्यत्र आहे.

देलाँ यास १६७३ त दमण येथें पकडण्यांत आलें. १२ जानेवारी १६७६ रोजीं गोव्यांत अपराध्यांना जाहीर शिक्षा सुनावण्यांत आल्या, तेव्हां तो त्यांच्यांतच उभा होता. त्या दिवशीं एक पुरुष व एक स्त्री यांस अग्नीच्या स्वाधीन केलें गेलें. दोघेंही एतद्देशीय ख्रिस्ती, आरोप जादूटोण्याचा. शिक्षा देणाऱ्यांहून तीं अधिक जादूगार नव्हतीं, असा देलाँचा स्पष्ट अभिप्राय आहे.

तत्पूर्वीं ऑगस्टिनी संप्रदायाच्या प्रांतप्रमुखाचें प्रवचन झालें. त्यानें इन्क्विझिशनला नोहाच्या तारवाची उपमा दिली. तारवांतील पशु आपल्या मूळ स्वभावानिशींच बाहेर पडले. येथें मात्र लांडगा शिरतो व कोकरूं होऊन निघतो, असें त्याचें प्रतिपादन. त्यानें निकाल दिला नाहीं, चिताही पेटविली नाहीं. परंतु पाहणाऱ्यांस हें कृत्य पुण्यप्रद वाटावें, एवढें कार्य त्यानें केलें.

हा दोष एकाच पंथाच्या माथीं मारतां येत नाहीं. कॅथॉलिकांचे कट्टर विरोधक जे प्यूरिटन, त्यांच्या मॅसाच्युसेट्समध्यें १६९२ त सालेमचे खटले झाले व १९ जणांस फाशी देण्यांत आली. धर्मोपदेशक कॉटन मॅदर न्यायाधीश नव्हता. आरोपीचें पिशाच्चरूप दिसल्याच्या साक्षीवर विसंबूं नये, असा इशारा त्यानें लिहिलेल्या पाद्र्यांच्या निवेदनांत आहे. पण खटले त्वरेनें व नेटानें चालवावे, ही शिफारसही त्यांतच आहे. पुढें १६९३ च्या ग्रंथांत त्यानें त्या न्यायाचें समर्थन केलें.

देलाँच्या ग्रंथांतील एक मोठी उणीव सांगितली पाहिजे. स्वतःच्या दुःखाला त्यानें प्रकरणेंच्या प्रकरणें दिलीं. त्या दोघांचीं नांवें मात्र दिलीं नाहींत. सालेमच्या मृतांचीं नांवें आज स्मारकाच्या शिळांवर कोरलेलीं आहेत.

एखाद्यास करणी करणारा ठरवून छळणें हा अपराध होय, असें सांगणारा कायदा महाराष्ट्रास २०१३ त करावा लागला. म्हणून देलाँ वाचणाऱ्यांनीं कारागृहाच्या वर्णनाआधीं तें प्रवचन वाचावें, अशी आमची सूचना आहे.

— महागाव, जि. यवतमाळ