जुहूची प्रस्तावना आणि ‘आग्रह’ शब्दाचे मराठी अर्थवलय

गांधीजींच्या ‘दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास’ या मूळ गुजराती ग्रंथाची प्रस्तावना एप्रिल १९२४ मध्ये जुहू येथे लिहिली गेली. जानेवारीत ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया, फेब्रुवारीत मुक्तता आणि त्यानंतर समुद्रकाठची विश्रांती, असा तो काळ होय. ग्रंथाचा बराचसा भाग मात्र येरवड्याच्या तुरुंगात इंदुलाल याज्ञिकांना तोंडी सांगितलेला आहे. निवेदनाचा ओघ आणि तपशिलाची विरळता, दोहोंचे मूळ या कथनपद्धतीतच आहे.

आत्मचरित्रापेक्षा या ग्रंथाकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले, हे खेदाचे आहे. कारण संज्ञेच्या जन्माची हकीकत येथेच विस्ताराने येते. प्रारंभी ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ हीच संज्ञा चालत होती. ‘इंडियन ओपिनियन’ने नवे नाव मागविले, मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ सुचविला आणि गांधीजींनी त्याचा ‘सत्याग्रह’ केला. दोन संज्ञांतील भेदावर पुढे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. असे असता मराठी चरित्रलेखनात ‘निःशस्त्र प्रतिकार’ हा शब्द पर्याय म्हणून सहज येतो, आणि तो भेद पुसला जातो. त्या समासातून हाती शस्त्र नाही एवढेच कळते. ‘प्रति’ हा उपसर्ग तर विरोधकालाच पुढे उभा करतो.

‘आग्रह’ शब्दाची मराठीतील प्रकृती निराळी आहे. व्युत्पत्तीने अर्थ घट्ट धरणे असा. परंतु मराठी कानाला त्यात पंक्तीतील वाढण्याचा सूरही ऐकू येतो. हट्ट स्वतःसाठी असतो, आग्रह बहुधा समोरच्यासाठी. हा अर्थ गांधीजींना अभिप्रेत होता असे अर्थातच म्हणता येणार नाही. मराठी वाचकाने मात्र तो शब्दासोबत आणला असावा.

१९३० साली जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली विलेपार्ले येथे छावणी उभी राहिली, तेव्हा ‘मिठाचा सत्याग्रह’ हा प्रयोग रूढ झाला. येथे षष्ठी सत्याची राहिली नाही, ती मिठाची झाली. शब्द वृत्तीवाचक होता तो कृतिवाचक झाला. त्यापूर्वीच, १९२७ मध्ये, महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. पंक्तीचा जिव्हाळा तेथे उपयोगी पडत नाही. ज्यांना पाण्याला स्पर्श करण्याचीच बंदी होती आणि पंक्तीत ज्यांना जागाच नव्हती, त्यांच्या तोंडी ‘आग्रह’ हा शब्द हक्काच्या मागणीचा होतो. मराठीतील सत्याग्रहाच्या अर्थाचा इतिहास लिहावयाचा तर जुहूच्या प्रस्तावनेइतकेच महाडचे ते तळेही अभ्यासकाला विचारात घ्यावे लागेल.