पडद्यावरचा देह: प्रत्यक्ष की शब्द?

मागच्या व्याख्यानात आपण प्रमाणांची चर्चा केली: प्रत्यक्ष, अनुमान, शब्द. त्यानंतर इथल्याच, वसई-विरारच्या काही पालकांनी विचारलं, ‘आमची मुलगी मेडिकलला आहे. विरार लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवर हृदय फिरवून बघते. हे प्रत्यक्ष ज्ञान म्हणायचं का?’ आज तोच प्रश्न घेऊ.

आधी या साधनांचे उपकार मान्य करू. डिसेक्शन हॉलमध्ये टेबलाभोवती गर्दी. मागच्याला पुढच्याची पाठच दिसते. एकदा कापलेली नस पुन्हा जुळत नाही. पडद्यावर मात्र स्नायू काढा, परत लावा, हवा तसा आडवा छेद घ्या. सीटी स्कॅन वाचायला शिकताना त्याचा मोठा उपयोग. 2020 मध्ये कॉलेजं बंद पडली तेव्हा याच साधनांनी वर्ष निभावलं.

आता आमची हरकत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पद्धत सांगितली आहे: मृतदेह गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचा, मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने थर घासत एकेक अवयव पाहायचा. डोळ्यांनी पाहिलेलं आणि शास्त्रातलं, दोन्ही जुळतं तेव्हा ज्ञान वाढतं, असं तिथे म्हटलं आहे. म्हणजे दोन साक्षीदार हवेत, आणि ते वेगवेगळे हवेत.

पडद्यावर काय होतं बघा. रोहिणी लाल, नीला निळी, चेता पिवळी. खऱ्या देहात सगळं करड्या-तपकिरी रंगाचं, चरबीत लपेटलेलं. काय दाखवायचं, काय गाळायचं, हे आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं. म्हणजे ते शब्दप्रमाणच झालं, फक्त प्रत्यक्षाचा वेश घेतलेलं. पुस्तक वाचताना आपण वाचतोय याचं भान असतं. इथे आपण पाहतोय असं वाटतं. धोका आहे तो इथे.

उदाहरण घ्या. अशा अनेक साधनांच्या मागे अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा ‘व्हिजिबल ह्यूमन’ प्रकल्प आहे. 1994 मध्ये खुला झालेला त्यातला पुरुषदेह जोसेफ पॉल जर्निगन याचा. 1993 मध्ये टेक्सासमध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला. देह गोठवून एकेक मिलिमीटरचे 1871 छेद घेतले, फोटो काढले. आणि गंमत अशी, की या ‘आदर्श’ माणसाला अपेंडिक्स नव्हतं. ते आधीच काढलेलं होतं! वैशेषिकांच्या भाषेत सांगायचं तर आपण एका विशेषालाच सामान्य मानून बसतो. अपेंडिक्स कुणाचं आतड्यामागे दडलेलं, कुणाचं ओटीपोटात उतरलेलं. सर्जनला उद्या गाठ घालायची आहे ती अशा माणसांशी.

‘मग मृतदेहाची गरजच काय?’ असं आता म्हटलं जातं. या म्हणण्यामागे एक खरी बोच आहे. 1949 च्या शरीरशास्त्र अधिनियमानुसार बेवारस देह कॉलेजांना देता येतात. त्यांची संमती कुणी घेतली? पडद्यामुळे असे देह कमी लागले, तर चांगलंच. पण जर्निगननेही देह दिला होता तो विज्ञानासाठी. आपण जगभरच्या पडद्यांवर असे उघडे पडू, हे त्याला कुठे ठाऊक होतं? देहाची प्रत निघाली की ऋण फिटतं असं नाही. उलट ते दिसेनासं होतं.

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात 2019 पासून ‘मृतदेह हा आपला पहिला शिक्षक’ असा पाठ आहे. आमचं म्हणणं एवढंच: पडद्याला आप्तवाक्य माना, मन लावून ऐका, आणि मग त्याची साक्ष खऱ्या देहाशी पडताळा. तो देह मिळायचा तर देहदानाचा अर्ज आपल्यालाच भरावा लागेल. आणि भरलात की घरच्यांना तसं सांगून ठेवा. अंतिम क्षणी निर्णय त्यांच्याच हातात असतो.

आता आपले प्रश्न घेऊ.