बालकथेतील निवेदन आणि वाचकाची तद्रूपता

निवेदक दृष्टीआड झाला म्हणजे बालवाचक कथेशी तद्रूप होतो, असे एक मत समीक्षेत आढळते. या मताप्रमाणे मध्येच थांबून बोलणारा, बोध करणारा निवेदक हा रसास्वादातील अडसर ठरतो. मराठीतील दोन उदाहरणे ताडून पाहिली असता हे मत अपुरे वाटू लागते.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची विभागणी प्रकरणांत नव्हे, तर रात्रींत आहे. ४२ रात्रींतून प्रौढ श्याम आश्रमातील सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो. हा निवेदक लपत नाही. तो संबोधतो, गहिवरतो, बोधही करतो. तरीही वाचक दुरावत नाही, कारण श्रोत्यांना कथेतच स्थान दिलेले आहे. श्यामचे बोलणे प्रथम सोबत्यांना उद्देशून असते. वाचक त्यांच्या पंक्तीत येऊन बसतो. बोध त्याच्यावर लादला जात नाही, तो केवळ त्याच्या कानी पडतो. शिवाय ‘मी’ या एकाच सर्वनामात दोन व्यक्ती नांदतात. पोहण्याच्या प्रसंगात विहिरीच्या भीतीने लपणारा मुलगा आणि आईच्या माराचा अर्थ पुढे उमगलेला प्रौढ हे दोघेही त्याच ‘मी’मधून बोलतात. भीती पहिल्याची, अर्थ दुसऱ्याचा. बालवाचकाला पहिल्याची सोबत कधीच सोडावी लागत नाही.

भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्या फास्टर फेणेच्या कथांची वाट निराळी आहे. येथे निवेदन तृतीयपुरुषी आहे. फुरसुंगीच्या बनेश फेणेच्या मनाचे विश्लेषण करण्यापेक्षा त्याच्या धावपळीवर आणि संवादांवर भर आहे. त्याचा ‘ट्टॉक्’ हा उद्गार निवेदकाच्या भाषेतील नव्हे, नायकाच्या तोंडचा आहे. मुले तो सहज उचलतात. म्हणजे येथील तद्रूपता श्रवणातून नव्हे, अनुकरणातून साधते.

यावरून असे म्हणता येईल की, निवेदक दिसतो की लपतो हा प्रश्न गौण आहे. तो कोणाशी बोलतो आणि त्या बोलण्यात मुलाला कोठे जागा मिळते, हा मुख्य प्रश्न होय. या भेदाला व्यावहारिक महत्त्वही आहे. पाठ्यपुस्तकासाठी ‘श्यामची आई’तील एखादी रात्र वेचताना आश्रमाची चौकट गाळली, तर प्रसंग तोच राहतो, परंतु संबोधनाची दिशा पालटते. सोबत्यांना सांगितलेले मनोगत वर्गातील मुलावर थेट रोखले जाते आणि आठवणीचा उपदेश होतो. अशा पाठाचा मुलांना कंटाळा आला, तर त्याचा दोष गुरुजींच्या भावविवशतेकडे जातो. वस्तुतः तो संपादकाच्या कात्रीचा असतो. म्हणून बालकथेच्या शैलीचा विचार करताना शब्दकळेआधी संबोधनाची रचना तपासणे अगत्याचे आहे.