घोट्यातील कंडरांचे वारंवार स्थानभ्रंश : रचना, प्रतिमा आणि निदानाची चिकित्सा

प्रास्ताविक

घोटा मुरगळला की प्रथम लक्ष जाते ते अस्थिबंधांकडे. तथापि बाह्य घोट्यामागील पेरोनिअल कंडरांच्या स्थानभ्रंशाची सुरुवातही अनेकदा अशाच दुखापतीने होते व ती साधी मुरगळ समजली जाते. इटालियन शल्यविशारद मोंतेज्जा यांनी १८०३ मध्ये एका बॅले कलावंताच्या संदर्भात या विकाराचे वर्णन केले. विकार हालचालीत घडतो. त्याचा विचार मात्र प्रामुख्याने स्थिर रचनेच्या आधारे होत आला. या विसंगतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रचना आणि कारणमीमांसा

फिब्युला या हाडाच्या खालच्या टोकामागे खाच असते. तीत पेरोनिअस ब्रेव्हिस ही कंडरा हाडालगत, तर पेरोनिअस लाँगस तिच्या मागे असते. वरचा पेरोनिअल रेटिनॅक्युलम हा तंतुमय पट्टा दोहोंना जागेवर राखतो. एडवर्ड्स यांनी १९२८ मध्ये १७८ फिब्युला तपासल्या. ८२ टक्के हाडांत खाच, ११ टक्क्यांत सपाट व ७ टक्क्यांत बहिर्वक्र पृष्ठभाग आढळला. यावरून उथळ खाच हेच कारण, असे मानण्याकडे कल झाला. परंतु जपानमधील अदाची व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एमआरआयद्वारे केलेल्या तुलनेत रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांच्या खाचेच्या आकारात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून केवळ हाडाचा आकार पाहून खाच खोल करण्याची शस्त्रक्रिया सुचविणे तर्कदृष्ट्या अपुरे ठरते.

वर्गीकरण आणि प्रतिमा

एकर्ट व डेव्हिस यांचे १९७६ मधील वर्गीकरण आजही प्रमाण मानले जाते. त्याचा आधार स्कीइंगमधील ताज्या दुखापती हा होता. जुनाट, वारंवार होणाऱ्या स्थानभ्रंशास ते जसेच्या तसे लावणे हा त्याच्या कक्षेचा विस्तार आहे, याचा विसर पडतो. त्यातील तिसऱ्या श्रेणीत पट्ट्यासह हाडाचा पातळ तुकडा निघतो व तो क्ष-किरण चित्रात दिसू शकतो. पहिल्या दोन श्रेणींत असा तुकडा नसतो. अर्थात, क्ष-किरण चित्र निर्दोष असल्याने विकार नाही असे सिद्ध होत नाही.

रायकिन व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याहून मूलभूत प्रश्न उपस्थित केला. त्यांच्या १४ रुग्णांत पट्टा शाबूत होता. तरीही आवरणाच्या आतच कंडरा एकमेकींवरून सरकत होत्या, अथवा ब्रेव्हिसच्या चिरेतून लाँगस बाहेर डोकावत होती. पट्टा तुटल्याचे गृहीत धरणाऱ्या वर्गीकरणात अशा रुग्णांना स्थानच उरत नाही. ही घटना गतिमान अल्ट्रासाउंडने, म्हणजे रुग्ण पाऊल हलवीत असताना केलेल्या तपासणीने, उघड झाली. एमआरआय पट्ट्याची अवस्था व कंडरेतील चीर उत्तम दाखवितो. परंतु नेहमीच्या पद्धतीत पाऊल स्थिर असल्याने त्या क्षणी जागेवर परतलेली कंडरा निर्दोष भासू शकते. अल्ट्रासाउंडही तपासणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असतो, ही मर्यादा नाकारता येत नाही.

निष्कर्ष

दोन्ही तंत्रे परस्परपूरक मानणे इष्ट होय. तथापि पाऊल वर व बाहेरच्या दिशेने, विरोधाविरुद्ध हलवायला सांगून घोट्यामागे बोट ठेवणे ही साधी तपासणी त्यांच्या आधी यावयास हवी. प्रतिमेत दिसले नाही म्हणून रुग्णाची तक्रार निराधार ठरविणे हा रुग्णावर अन्याय आहे आणि शास्त्रीय पद्धतीशीही विसंगत आहे.