गव्हावरचा करपा: पटणारी गोष्ट आणि सिद्ध झालेली गोष्ट

'पेपर वाचा' असं तुम्हाला सगळेच सांगतात. पेपरशी भांडायचं कसं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आज त्यासाठी एक चांगला पेपर घेऊया.

भातावरचा करपा तुम्हाला माहीत असेल. त्याच बुरशीचा, म्हणजे पायरिक्युलॅरिया ओरायझीचा, एक प्रकार १९८५ मध्ये ब्राझीलच्या पाराना राज्यात गव्हावर दिसला आणि २०१६ मध्ये बांगलादेशात पोचला. पण ही बुरशी मुळात गव्हावर आली कशी?

इनोउए आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये 'सायन्स'मध्ये उत्तर दिलं. बुरशीत पीडब्ल्यूटी३ हे जनुक चालू असेल, तर आरडब्ल्यूटी३ हे प्रतिकारक जनुक असलेला गहू तिला ओळखतो आणि रोखतो. ब्राझीलमध्ये पसरलेल्या अनाहुआक वाणात आरडब्ल्यूटी३ नव्हतं. म्हणून रायग्रासवरची बुरशी आधी या वाणावर स्थिरावली, मग तिचं पीडब्ल्यूटी३ निकामी झालं आणि बाकीचा गहूही तिला खुला झाला.

वाचताना लगेच पटतं, नाही का? इथेच थांबा आणि दोन दावे वेगळे करा. कुलूप-किल्ली कशी चालते, हे प्रयोगातून दिसलं. घटना कोणत्या क्रमाने घडल्या, हा मात्र अंदाज आहे.

२०२३ मध्ये रहनामा आणि सहकाऱ्यांनी अनेक नमुन्यांचे जीनोम तपासले, तेव्हा हा क्रमच डळमळला. त्यांच्या मते सुमारे ६० वर्षांपूर्वी इल्युसिनी (नाचणीचा गट) आणि युरोक्लोआ या गवतांवरच्या बुरशींचा संकर झाला. साधारण दहा वर्षांनी त्यातल्या एकाच संततीचा आणखी तीन गटांशी संकर झाला. निकामी जनुकं याच संकरातून आली. म्हणजे ती गव्हावर आल्यावर नव्याने बिघडली नाहीत, आधीपासूनच बिघडलेली होती. गव्हावरची आणि रायग्रासवरची बुरशी एकाच गोतावळ्यातून निघाली.

मग २०१७ चा पेपर चुकीचा? नाही. यंत्रणा टिकते, इतिहास बदलतो. अनाहुआकने बुरशीला जागा दिली असेलही. नव्या पेपरलाही हाच प्रश्न विचारा: गोळाच न केलेल्या गवतांवरचे गट या हिशेबात कुठे आहेत?

फरक नुसता पुस्तकी नाही. नव्या उत्परिवर्तनाची वाट बघायची असेल, तर गव्हावर लक्ष ठेवून भागेल. धोका संकरातून येत असेल, तर बांधावरच्या गवताकडेही बघावं लागेल.

पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा समासात दोनच शब्द लिहा: 'दाखवलं' आणि 'मानलं'. मग प्रत्येक वाक्य कोणत्या रकान्यात जातं ते बघा.