सोवळ्यातून स्वत्वाकडे : ‘स्मृतिचित्रे’चे एक वाचन

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ला मराठी साहित्यात मानाचे स्थान आहे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राची घरगुती भाषा, मिस्कील विनोद आणि निर्व्याज सत्यकथन यांची समीक्षकांनी मनमुराद वाखाणणी केली. मात्र ही एका श्रद्धावंत स्त्रीची कथा आहे, ही गोष्ट त्या वाखाणणीत बहुधा मागे पडते. उलटपक्षी, आपल्या काही कॅथॉलिक घरांत ‘ते प्रॉटेस्टंटांचे पुस्तक’ म्हणून बाजूला राहते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली काढलेल्या ख्रिस्ती ऐक्यविषयक आदेशात, इतर पंथांतील बंधुभगिनींच्या ठायी दिसणारे ख्रिस्ताचे धन कॅथॉलिकांनी आनंदाने मान्य करावे, असे शिकविले आहे. त्या शिकवणुकीला स्मरून आम्ही हे पुस्तक आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. ख्रिस्ताच्या ठायी माणसाला स्वतःची ओळख कशी सापडते, या प्रश्नाचे इतके प्रामाणिक उत्तर मराठीत क्वचितच सापडेल.

धर्मांतराची कथा म्हटली की दोन नमुने आपल्या डोळ्यांसमोर येतात. दमास्कसच्या वाटेवर कोसळलेला पौल हा एक, आणि मिलानच्या बागेत अश्रू ढाळणारा, पुढे ३८७ च्या ईस्टरला स्नानसंस्कार घेणारा ऑगस्टीन हा दुसरा. दोघेही विद्वान, दोघांच्याही आयुष्याचे एका क्षणात दोन भाग झाले. नारायण वामन टिळकांची कथा या जातीची आहे. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, डोंगरावरील प्रवचनाने त्यांना झपाटले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंच्या वाट्याला असा क्षण आला नाही. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आकाश कोसळले. पदरी लहान मूल, माथी लोकापवाद, आणि नवरा जिवंत असून दुरावलेला! काही वर्षांच्या विरहानंतर त्या टिळकांकडे आल्या, त्याही आपले सोवळे सांभाळूनच. हे सोवळे त्यांच्या हाडीमाशी खिळलेले होते. वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याने माहेरच्या माणसांचे कसे हाल होत, याचे वर्णन पुस्तकाच्या आरंभीच येते. वाचक ते हसत वाचतो. पुढे मात्र ध्यानात येते की, लेखिकेने आपल्या कथेचे सूत्रच तेथे रोवून ठेवले आहे.

कारण लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेची कसोटी लागली ती पाण्याच्या भांड्याशी. कोणाच्या हातचे घ्यावे आणि कोणाच्या हातचे घेऊ नये, हा भेद देवाने केला की माणसाने? हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि उत्तरही स्वतःच शोधले. भेद माणसाचा आहे असे पटताच त्यांनी तो टाकला. शरीर आणि मन या दोहोंना त्याची किंमत द्यावी लागली. ही भिंत आधी पडली; बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. हा क्रम आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा दहावा अध्याय येथे आठवतो. यापो गावी पेत्राला दृष्टान्त होतो. शुद्ध-अशुद्धाचा विधी जन्मभर पाळलेल्या त्या यहुद्याला सांगण्यात येते की, देवाने जे शुद्ध केले त्याला त्याने अपवित्र म्हणू नये. मग तो कैसरियात कर्नेल्याच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकतो. टिळकांची वाट पौलाची असेल, तर लक्ष्मीबाईंची वाट पेत्राची आहे. पेत्र प्रभूला आधीपासून ओळखत होता, तरी शेजाऱ्याच्या घरात शिरल्यावाचून ती ओळख त्याला पुरती उमगली नाही.

या पुस्तकावर एक आक्षेप घेता येईल. येथे प्रार्थनेविषयी, पापक्षमेविषयी, किंबहुना प्रत्यक्ष ख्रिस्ताविषयी लेखिका फारच थोडे बोलतात. ऑगस्टीनचे आत्मकथन म्हणजे देवाशी केलेले अखंड संभाषण. लक्ष्मीबाई मात्र शेजारणीशी बोलावे तशा वाचकाशी बोलत राहतात. उत्तरार्धात तर प्रसंगांमागून प्रसंग येतात आणि अंतर्मनाचा धागा हातून निसटतो. ही उणीव आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि ज्या घरात पूर्वी परक्याच्या सावलीचाही विटाळ होई, त्या घरची लेक पुढे परक्यांची पोरे पोटच्या पोरांसारखी वाढविते, हे वाचल्यावर तिची श्रद्धा वेगळ्या शब्दांत विचारावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. बाप्तिस्म्यानंतरही त्या लक्ष्मीबाईच राहिल्या. नाव, भाषा, ओवीचा छंद, विनोदी बोलणे, यांतले काहीही ख्रिस्ताने त्यांच्याकडून मागून घेतले नाही. त्याने मागितली ती फक्त भिंत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने पतीच्या निधनानंतर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले आणि त्याचे बहुतेक अध्याय स्वतः रचले. टिळकांच्या आठवणी सांगता सांगता तिला स्वतःचा आवाज गवसला. श्रद्धेतून स्वत्व आणि स्वत्वातून जीवनकार्य, ही वाट याहून स्पष्ट कशी दाखवावी?

आता थोडे आपल्याविषयी. आमच्या धर्मग्रामांतील बहुतेकांचा स्नानसंस्कार आईच्या मांडीवर झाला. बालस्नानसंस्कार ही देवाची अकारण कृपा आहे; तीत उणे काही नाही. परंतु नोंदवहीतले नाव ही देणगीची पावती झाली, देणगी उघडून पाहणे उरतेच. आमचे पूर्वज ख्रिस्ती होऊन शतके लोटली, तरी सोयरीक जुळविताना पहिला प्रश्न ‘माणूस कसा’ हा नसतो, ‘आपल्यातला का’ हा असतो. एका वेदीवरची एकच भाकर वाटून घेणारे आपण, मिस्सा आटोपून अंगणात येताच आपापल्या समाजाच्या घोळक्यात उभे राहतो. सोवळे नेसले म्हणजेच सोवळे असते, असे थोडेच आहे?

‘मी कोण?’ असा प्रश्न आज तरुण मुले आम्हांला कळकळीने विचारतात. ध्यान, साधना, शिबिरे यांचा मार्ग आम्ही त्यांना जरूर सांगतो. पण सोबत हे पुस्तकही द्यावे, असे आम्हांस वाटते. ज्याच्या हातचे पाणी आपण मनोमन नाकारले आहे असा कोणी आपल्या आयुष्यात आहे का, हे त्यांनी आधी पाहावे. बहुधा त्याच्याच दारात ख्रिस्त आपल्याला आपल्या नावाने हाक मारीत उभा असेल.